व्हिडिओ संकेतन व परिचालन प्रणालींतील स्थित्यंतरे

व्हिडिओ संकेतन म्हणजे चलत् चित्रांची अंकीय माहिती कमी जागेत मावेल व सुलभपणे प्रेषित करता येईल अशा स्वरूपात रूपांतरित करण्याची क्रिया होय. संगणकावर ही क्रिया ज्या आज्ञावलीद्वारे केली जाते, तिला संकेतन आज्ञावली म्हणतात. संगणकाचा प्रक्रियक, स्मृती, तबकड्या, पडदा, कॅमेरा इ. साधनांचे वाटप व नियंत्रण करणारी मूलभूत आज्ञावली म्हणजे परिचालन प्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम होय. परिचालन प्रणाली बदलल्यानंतर आदल्या दिवसापर्यंत सुरळीत चालणारी संकेतन आज्ञावली मध्येच स्तब्ध होते, म्हणजे रूढ भाषेत ‘हँग होते’ किंवा गोठते, हा अनुभव १९९० नंतरच्या दशकापासून जगभर वारंवार आलेला आहे. वरवर पाहता ही किरकोळ तांत्रिक अडचण वाटते. तथापि घरगुती फितींपासून ग्रंथालये व चित्रपट-संग्रहालये यांच्यातील ठेव्यांपर्यंत अनेक चित्रमुद्रणांचे भवितव्य तिच्याशी निगडित असल्याने तिच्या कारणांचा इतिहास लक्षात घेणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी : संकेतनाची गरज चित्रांतील माहितीच्या प्रचंड आकारमानातून उद्‌भवली. १९८२ मध्ये स्वीकृत झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार दूरचित्रवाणीच्या अंकीय चित्रात प्रत्येक ओळीत ७२० चित्रबिंदू धरले जातात. भारतात व यूरोपात प्रचलित असलेल्या पद्धतीत अशा ५७६ दृश्य ओळी व सेकंदाला २५ चौकटी असतात. प्रत्येक चित्रबिंदूस सरासरी २ बाइट धरल्यास एका सेकंदाच्या चित्रास सु. २ कोटी ७ लाख बाइट व एका तासाच्या चित्रास सु. ७,४६५ कोटी बाइट लागतात. म्हणजे संकेतन न करता साठविलेल्या एका तासाच्या चित्रमुद्रणास ४·७ गिगाबाइट क्षमतेच्या सोळा डीव्हीडी लागतील.

हे आकारमान घटविण्याचा गणिती पाया १९७४ मध्ये घातला गेला. मूळचे बंगलोरचे नसीर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्या सहकार्याने ‘विविक्त कोज्या रूपांतर’ ही पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीत चित्राचे लहान चौरस खंड, सामान्यतः ८ × ८ चित्रबिंदूंचे, घेऊन त्यांतील तेजस्वितेचे चढउतार वेगवेगळ्या वारंवारतांच्या घटकांत विभागले जातात. डोळ्यास फारसे न जाणवणारे घटक ढोबळ मूल्यांनी दाखविले, की माहिती पुष्कळच कमी होते. लागोपाठच्या चौकटींमध्ये बहुतेक दृश्य तेच असते; म्हणून केवळ हालचालीमुळे पडलेला फरक नोंदविण्याच्या तंत्राची तिला जोड देण्यात आली. एच. २६१ (१९८८), एमपेग–१ (१९९३), एमपेग–२ (१९९५), एच. २६४ (२००३) व एच. २६५ (२०१३) ही प्रमाणे याच दोन तत्त्वांच्या क्रमशः विकासातून निर्माण झाली.

हालचालीचा मागोवा घेण्यासाठी प्रत्येक चौकटीची अन्य चौकटींशी असंख्य वेळा तुलना करावी लागते. यामुळे संकेतन हे संगणकास पडणाऱ्या सर्वांत जड कामांपैकी एक आहे. ते तासन्‌तास चालते, प्रक्रियकाचे सर्व गाभे व्यापते, स्मृतीचा मोठा भाग अडवून ठेवते, तबकडीवर अखंड लेखन करते आणि पुष्कळदा चित्रदर्शक कार्डातील खास मंडलांचाही उपयोग करते. पत्रलेखनाच्या आज्ञावलीचा परिचालन प्रणालीशी संबंध मर्यादित असतो. संकेतन आज्ञावली मात्र तिच्या जवळजवळ प्रत्येक विभागाशी संबंध ठेवते. साहजिकच परिचालन प्रणालीत कोठेही फरक झाला, तरी त्याचा धक्का संकेतन आज्ञावलीस प्रथम बसतो.

आरंभीचा काळ : व्यक्तिगत संगणकावर चलत् चित्रे हाताळण्याची सोय परिचालन प्रणालीच्या पातळीवर प्रथम ॲपल कंपनीने डिसेंबर १९९१ मध्ये ‘क्विकटाइम’द्वारे आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीने नोव्हेंबर १९९२ मध्ये ‘व्हिडिओ फॉर विंडोज’द्वारे उपलब्ध केली. दोहोंमध्ये ‘कोडेक’ ही कल्पना मध्यवर्ती होती. संकेतन व विसंकेतन करणारा भाग मुख्य आज्ञावलीत न घालता तो स्वतंत्र घटक म्हणून प्रणालीत बसविला जाई व सर्व आज्ञावल्या त्याचा सामाईक उपयोग करीत. सिनेपॅक, इंडिओ इ. कोडेक अशा प्रकारे प्रसृत झाले. या योजनेमुळे एकच कोडेक अनेकांच्या उपयोगी पडू लागला. परंतु एक सदोष कोडेक सर्वांनाच अडवू शकतो, हा तिचा दुसरा पैलू होता. नव्या प्रणालीत एखादा जुना कोडेक नीट चालला नाही, तर दोष त्याचा असूनही तो वापरणारी आज्ञावलीच गोठल्याचे दिसे.

त्या काळच्या विंडोज ३·१ व जुन्या मॅक या प्रणालींत अनेक कामे एकाच वेळी चालविण्याची पद्धत ‘सहकारी’ स्वरूपाची होती. प्रत्येक आज्ञावलीने आपण होऊन दुसरीस वाट द्यावी, अशी तीत अपेक्षा असे. संकेतनासारख्या दीर्घ कामात गुंतलेल्या आज्ञावलीने वाट दिली नाही, तर संपूर्ण संगणकच निश्चल होई. विंडोज एनटी (१९९३) व विंडोज ९५ (१९९५) यांमध्ये ३२–बिट आज्ञावल्यांसाठी आणि मॅक ओएस एक्स (२००१) मध्ये, प्रक्रियकाचा वेळ सक्तीने वाटून देण्याचा अधिकार परिचालन प्रणालीने स्वतःकडे घेतला. तेव्हापासून गोठण्याचा परिणाम बहुधा त्या एका आज्ञावलीपुरता मर्यादित राहू लागला.

विंडोजमधील स्थित्यंतरे : २००१ मध्ये विंडोज एक्सपी आल्यावर घरगुती वापरकर्ते विंडोज ९५–९८ च्या परंपरेतून एनटीच्या परंपरेत आले. जुन्या परंपरेत साधनांच्या चालक आज्ञावल्या, म्हणजे ड्रायव्हर, यंत्रसामग्रीशी थेट व्यवहार करीत. नव्या परंपरेत तशा रचनेच्या चालक आज्ञावल्या चालत नव्हत्या. यामुळे फितीवरील चित्रे संगणकात उतरवून घेणारी अनेक कार्डे नव्या चालक आज्ञावलीअभावी निकामी ठरली. याच सुमारास फाइलींच्या आकारमानाची मर्यादाही अडथळा ठरली. मूळच्या एव्हीआय फाइलीस व्यवहारात २ गिगाबाइटांची मर्यादा होती व फॅट–३२ पद्धतीने आखलेल्या तबकडीवर एक फाइल ४ गिगाबाइटांपलीकडे वाढू शकत नसे. या मर्यादेपाशी पोहोचताच काही आज्ञावल्या सूचना न देताच थबकत.

विंडोज व्हिस्टा ही प्रणाली ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्यांसाठी उपलब्ध झाली. तीत चित्रदर्शक कार्डांच्या चालक आज्ञावलींची रचना मुळापासून बदलण्यात आली. चित्रदर्शक कार्डाने सामान्यतः दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर ते अडकले असे समजून प्रणाली त्याचा पुनरारंभ करू लागली. त्यामुळे संपूर्ण संगणक थिजण्याचे प्रसंग कमी झाले. मात्र कार्डाकडून जड काम करून घेणाऱ्या आज्ञावलीचे काम मध्येच तुटण्याचा धोका निर्माण झाला. व्हिस्टाच्या ६४–बिट आवृत्तीत गाभ्यात चालणाऱ्या चालक आज्ञावलींवर अधिकृत अंकीय स्वाक्षरी असणे सक्तीचे करण्यात आले. ज्या निर्मात्यांनी जुन्या कार्डांसाठी नवी चालक आज्ञावली तयार केली नाही, त्यांची कार्डे सुस्थितीत असूनही निरुपयोगी झाली.

६४–बिट प्रणालीकडील स्थित्यंतर संकेतनाच्या दृष्टीने अपरिहार्य होते. ३२–बिट विंडोज आज्ञावलीस सामान्यतः २ गिगाबाइट स्मृतीच उपलब्ध होते. ३,८४० × २,१६० चित्रबिंदूंची एक असंकेतित चौकट रंगमाहितीत काटछाट करूनही सु. १ कोटी २४ लाख बाइटांची असते. म्हणजे अशा सु. १७० चौकटींतच ती सर्व स्मृती संपुष्टात येते. परंतु ६४–बिट आज्ञावली ३२–बिट कोडेक स्वतःमध्ये सामावून घेऊ शकत नाही. परिणामी नव्या आवृत्तीची संकेतन आज्ञावली घेणाऱ्यास जुने कोडेक एकाएकी ‘अदृश्य’ झाल्याचे आढळे.

मॅक प्रणालीतील स्थित्यंतरे : ॲपल कंपनीने बदल करताना संक्रमणकाळासाठी सेतू उभारण्याचे व काही वर्षांनी ते काढून घेण्याचे धोरण सातत्याने अवलंबिले. २००१ मध्ये मॅक ओएस एक्स आली, तेव्हा जुन्या आज्ञावलींसाठी ‘क्लासिक’ नावाची सोय होती; ती २००७ च्या आवृत्तीत उरली नाही. २००६ मध्ये पॉवरपीसीऐवजी इंटेल प्रक्रियक आले व ‘रोझेटा’ या भाषांतरकाने जुन्या आज्ञावल्या चालविल्या. २०११ मध्ये तोही वगळण्यात आला. ऑक्टोबर २०१९ मधील मॅकओएस कॅटलिना या आवृत्तीने ३२–बिट आज्ञावल्या चालविणे पूर्णतः बंद केले. क्विकटाइमच्या जुन्या ३२–बिट चौकटीवर अवलंबून असलेले अनेक कोडेकही त्याबरोबर निवर्तले. तत्पूर्वीच्या मोहावी (२०१८) या आवृत्तीत अशी चित्रमुद्रणे नव्या स्वरूपात रूपांतरित करून घेण्याची सोय होती. ज्यांनी ती संधी घेतली नाही, त्यांना आपल्या फाइली पाहण्यासाठी जुना संगणक शोधावा लागला किंवा अन्य विसंकेतकांचा आधार घ्यावा लागला.

२०१६ चा प्रसंग : प्रणालीतील चांगल्या हेतूने केलेला बदलही कसा अडथळा ठरतो, याचे उद्‌बोधक उदाहरण ऑगस्ट २०१६ मधील विंडोज १० च्या वार्षिक अद्यतनात आढळते. तोपर्यंत एका वेळी एकच आज्ञावली कॅमेऱ्याचा ताबा घेऊ शके. अनेक आज्ञावलींना एकाच वेळी कॅमेरा वापरता यावा, म्हणून कॅमेरा व आज्ञावली यांच्या दरम्यान एक मध्यस्थ सेवा बसविण्यात आली. प्रत्येक आज्ञावलीने तीच चित्रे पुन्हा पुन्हा विसंकेतित करून वेळ वाया दवडू नये, या विचाराने ही सेवा एमजेपेग व एच. २६४ या संकेतित स्वरूपांतील प्रवाह आज्ञावलींना न देता केवळ असंकेतित चित्रेच देऊ लागली.

तथापि अनेक आज्ञावल्या संकेतित प्रवाहच मागत. त्यामागे सबळ कारण होते. १,९२० × १,०८० चित्रबिंदूंच्या, सेकंदाला ३० चौकटी असलेल्या असंकेतित प्रवाहास प्रतिचित्रबिंदू २ बाइट धरल्यास सेकंदाला सु. ९९·५ कोटी बिट लागतात. यूएसबी २·० जोडणीची कमाल क्षमता मात्र ४८ कोटी बिट आहे. म्हणूनच कॅमेरे आपल्या पोटातच संकेतन करून चित्रे पाठवीत. अद्यतनानंतर असंख्य वापरकर्त्यांच्या पडद्यावरील चित्र गोठले किंवा कॅमेराच सापडेनासा झाला. आरंभी संशय कॅमेऱ्यावर व संभाषणाच्या आज्ञावलींवर आला. नवे कॅमेरे घेऊनही दोष हटेना, तेव्हा मूळ कारण मध्यस्थ सेवेत असल्याचे उघड झाले. प्रणालीच्या नोंदवहीतील एक मूल्य बदलून ही सेवा बाजूस सारण्याचा तात्पुरता उपाय प्रचारात आला व पुढील अद्यतनांत संकेतित प्रवाह पुन्हा उपलब्ध करण्यात आले. बदलाची पुरेशी पूर्वसूचना दिली गेली नाही, हे कंपनीच्या अभियंत्यांनीही मान्य केले.

गोठण्याची कारणमीमांसा : गोठणे दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात ते केवळ भासमान असते. विंडोज प्रणाली प्रत्येक खिडकीकडे माउस, कळफलक इत्यादींचे संदेश पाठवीत असते. आज्ञावलीने पाच सेकंद हे संदेश उचलले नाहीत, तर ती प्रतिसाद देत नसल्याचे प्रणाली ठरविते. प्रत्यक्षात संकेतन चालूच असू शकते. फक्त खिडकी रंगविण्याचे व गणन करण्याचे काम एकाच कार्यधाग्यावर सोपविलेले असल्याने खिडकी निर्जीव दिसते. अशा वेळी घाईने आज्ञावली बंद केल्यास अनेक तासांचे काम वाया जाते.

दुसऱ्या प्रकारात आज्ञावली खरोखरच अडकलेली असते. आधुनिक संकेतन अनेक कार्यधाग्यांत विभागलेले असते व हे धागे सामाईक साधनांसाठी एकमेकांची वाट पाहतात. एकापाशी असलेले साधन दुसऱ्यास हवे व दुसऱ्यापाशी असलेले पहिल्यास हवे, अशी स्थिती आली की दोघेही कायमचे खोळंबतात. ई. जी. कॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये या परस्पर-अडवणुकीच्या चार आवश्यक अटी मांडल्या : साधन एका वेळी एकासच वापरता येणे, हाती असलेले साधन न सोडता दुसऱ्याची प्रतीक्षा करणे, साधन सक्तीने काढून घेता न येणे आणि प्रतीक्षा करणाऱ्यांची वर्तुळाकार साखळी तयार होणे. यांपैकी एक अट मोडली, तरी अडवणूक टळते.

येथे परिचालन प्रणालीतील बदलाचे रहस्य उलगडते. नवी प्रणाली धाग्यांना वेळ वाटून देण्याचा क्रम किंचित बदलते. जुन्या क्रमात वर्षानुवर्षे उघडकीस न आलेला दोष नव्या क्रमात पहिल्याच दिवशी प्रकट होतो. अशा वेळी प्रणालीने दोष निर्माण केलेला नसतो. आज्ञावलीत तो आधीपासूनच दडलेला असतो.

निदान : अशा दोषाच्या निदानात प्रथम निरीक्षण व मग बदल, तोही एका वेळी एकच, हा क्रम महत्त्वाचा आहे. कार्यव्यवस्थापकात आज्ञावलीचा प्रक्रियक-वापर व तबकडीवरील निष्पन्न फाइलीचे आकारमान पाहावे. दोन्ही वाढते असल्यास काम चालू आहे. प्रक्रियक-वापर शून्य व फाइल स्थिर असल्यास आज्ञावली कशाची तरी वाट पाहत आहे. वापर भरपूर पण फाइल स्थिर असल्यास ती निष्फळ आवर्तनात सापडली असण्याचा संभव असतो.

यानंतर दोषाचे क्षेत्र आकुंचित करावे. तेच चित्रमुद्रण सदैव त्याच चौकटीपाशी थांबत असेल, तर मूळ फाइल किंवा तिचा विसंकेतक संशयास्पद ठरतो. थांबण्याची जागा दर वेळी बदलत असेल, तर धाग्यांची अडवणूक, अपुरी स्मृती किंवा उष्णता यांचा विचार करावा. इंटेलच्या प्रक्रियकांत २०११ पासून व एनव्हिडियाच्या कार्डांत २०१२ पासून संकेतनाची खास मंडले आहेत. ही मंडले न वापरता केवळ प्रक्रियकाद्वारे संकेतन केल्यावर काम सुरळीत झाले, तर दोष चालक आज्ञावलीत असतो. प्रणाली बदलताना निर्मात्याच्या चालक आज्ञावलीऐवजी प्रणालीची सर्वसाधारण आज्ञावली बसली, की ही मंडले उपलब्ध होत नाहीत.

परवानग्यांतील बदलही तपासावे लागतात. विंडोज १० मध्ये २०१७ पासून खंडणीखोर आज्ञावलींपासून संरक्षण म्हणून, अपरिचित आज्ञावलींना ठरावीक कप्प्यांत लेखनास मज्जाव करण्याची सोय आली. कॅटलिनापासून मॅकमध्येही डेस्कटॉप, दस्तऐवज इ. कप्पे वापरण्यास वापरकर्त्याची संमती लागते. यूरोपीय आयोगाच्या २००४ च्या निर्णयानंतर विंडोजच्या ‘एन’ या खुणेच्या आवृत्त्या निघाल्या. त्यांत चित्र-ध्वनी हाताळणारे घटक मुळातच नसतात व ते वेगळे बसवावे लागतात.

मराठी वापरकर्त्यांस एक कारण विशेषत्वाने जाणवते. विंडोजमध्ये देवनागरीसाठी जुन्या धर्तीची एक-बाइटी संकेतसारणी नाही. देवनागरी अक्षरे केवळ युनिकोड पद्धतीनेच दर्शविली जातात. युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या आज्ञावलीस देवनागरी नावाची फाइल दिल्यास अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात व फाइल सापडत नाही. नव्या संगणकात वापरकर्त्याचे नाव देवनागरीत दिले असल्यास तात्पुरत्या फाइलींचा मार्गही देवनागरी होतो आणि मूळ फाइलीचे नाव रोमन असूनही आज्ञावली अडते. रोमन लिपीतील साध्या नावाच्या कप्प्यात प्रयोग करून पाहिल्यास हा दोष त्वरित ओळखता येतो.

महत्त्व व परिणाम : या अनुभवांतून दोन प्रवृत्ती बळावल्या. पहिली म्हणजे विशिष्ट परिचालन प्रणालीवरील अवलंबन कमी करणे. फाब्रीस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या एफएफएमपेग या मुक्त प्रकल्पात असंख्य कोडेक एकाच संग्रहात, प्रणालीतील घटकांवर विसंबून न राहता, एकत्र आणले गेले. ‘हँडब्रेक’ ही आज्ञावली तर प्रारंभी बीओएस या प्रणालीसाठी लिहिली गेली होती. ती प्रणाली व्यवहारातून गेली. आज्ञावली मात्र मॅक, विंडोज व लिनक्स यांवर टिकून राहिली. मूळ आज्ञासंहिता खुली असल्याने तिचे पुनर्वसन शक्य झाले. दुसरी प्रवृत्ती म्हणजे जतनासाठी संपूर्ण तपशील प्रसिद्ध असलेल्या संकेतनाचा स्वीकार. चित्रातील कोणतीही माहिती न गमावणाऱ्या एफएफव्ही–१ या संकेतनाचे विनिर्देश २०२१ मध्ये आंतरजालाच्या मानकदस्तऐवजांत प्रसिद्ध झाले.

चित्रपटाची फीत प्रकाशासमोर धरली तरी तिच्यावरील चित्र डोळ्यांना दिसते. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांना जुन्या फितींतून चित्रे पुन्हा मिळविता येतात, ती यामुळेच. अंकीय फाइल मात्र स्वतः काहीच दाखवीत नाही. तिचे दर्शन कोडेक, आज्ञावली, चालक आज्ञावली व परिचालन प्रणाली या साखळीवर अवलंबून असते आणि यातील एक दुवा निखळला तरी चित्र अप्राप्य होते. चुंबकीय फितीही कालांतराने खराब होत असल्याने त्यांवरील विवाहसोहळे, भाषणे, नाट्यप्रयोग व लोककलांची मुद्रणे यांना विलंब परवडत नाही. म्हणून परिचालन प्रणाली बदलण्यापूर्वी जुनी व्यवस्था संपूर्ण प्रतीच्या रूपाने किंवा आभासी संगणकात जपून ठेवणे, नव्या व्यवस्थेत लहान नमुन्यावर चाचणी घेणे आणि नवी फाइल आरंभापासून अखेरपर्यंत तपासून पाहिल्याशिवाय मूळ मुद्रण नष्ट न करणे, हे नियम व्यक्ती व संस्था या दोहोंनीही पाळणे इष्ट ठरते.